सामायिक सातबाऱ्यावर आलेली अतिवृष्टीची मदत नेमकी कोणाची?

पत्र : आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात सीना नदीच्या काठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचे सगळे सोयाबीन पाण्यात गेले, नदीकडच्या बाजूची माती खरडून गेली आणि विहीर गाळाने भरली. यजमानांचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. सातबाऱ्यावर अजूनही त्यांचे आणि थोरल्या दिरांचे नाव एकत्र आहे. एकूण क्षेत्र ३ हेक्टर ६० आर असून तोंडी वाटणीने निम्मे आम्ही कसतो. दिरांचे निम्मे बटईने आहे, कारण ते पुण्यात असतात. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले तेव्हा मी स्वतः बांधावर उभी होते. शेजाऱ्यांना पैसे आले, मला आले नाहीत. सेतू केंद्रात सांगतात की यादीत नाव नाही, तलाठी भाऊसाहेब सांगतात की ई-केवायसी करा आणि बँकेत सांगतात की आमच्याकडे काही आलेले नाही. मग कळले की दिरांच्या खात्यावर आधी १७,००० रुपये आणि नंतर आणखी काही रक्कम जमा झाली. विचारले तर म्हणतात, जमीन सामायिक आहे, पैसे घरालाच लावीन. सासूबाई माझ्याजवळ आहेत, मुलगी बारावीला आहे. दिरांवर तक्रार केली तर घर तुटेल. नाही केली तर उसनवारीने पेरलेल्या रब्बीचे पैसे फेडू कशी? माझी मदत कोठे अडकली आहे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्याला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली आणि त्यामुळे कोणीतरी खोटे बोलत आहे असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. परंतु पत्र वाचून माझा समज असा झाला की तिघेही आपापल्या टेबलापुरते खरे बोलत आहेत. मदतीचे पैसे शेतातून बँकेपर्यंत ज्या वाटेने जातात त्या वाटेवरचा प्रत्येक जण फक्त आपला टप्पा पाहतो. पंचनामा शेतावर होतो, गट क्रमांक आणि बाधित क्षेत्र लिहून. त्यावरून गावाची यादी तयार होते, ती मात्र शेतात कोण राबते यावरून होत नाही, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे यावरून होते. ती यादी तहसील कार्यालय संगणक प्रणालीवर चढवते, तेथे प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, त्या क्रमांकावर आधारच्या अंगठ्याने ई-केवायसी होते आणि मग पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात उतरतात. ज्यांनी शेतकरी ओळख क्रमांक काढला आहे त्यांना या वेळी ई-केवायसीतून सूट मिळाली, म्हणून आपल्या शेजाऱ्यांपैकी काहींना कोठेही न जाता पैसे आले असतील.

आता आपली स्थिती पाहा. आपण बांधावर उभ्या होतात, पण सातबाऱ्यावर आपले नावच नाही. यादीत नाव येईल ते यजमानांचे किंवा दिरांचे. यजमानांचे आले असेल तर त्या क्रमांकावर ई-केवायसी होणार कशी, कारण अंगठा देणारा माणूस हयात नाही. आणि सर्व क्षेत्र दिरांच्या नावापुढे धरले असेल तर सेतू केंद्रातील मुलगा "तुमचे नाव नाही" असे म्हणतो ते बरोबरच आहे. तेव्हा आपली मदत वाटेत अडकलेली नसून बहुधा आपल्या नावाने ती कधी निघालेलीच नाही. हे ऐकायला कडू आहे, पण यामुळे जायचे कोठे हे निश्चित होते. बँकेत आता हेलपाटे घालू नका.

दिरांना आलेल्या १७,००० या आकड्यातच बरेच काही दडलेले आहे. केंद्राच्या आपत्ती निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीक गेले असेल तर जिरायत म्हणजे पावसावरच्या पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकाला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक फळपिकाला २२,५०० रुपये दिले जातात आणि मूळ मर्यादा शेतकऱ्यामागे २ हेक्टरची आहे. (आराला, म्हणजे हेक्टरच्या शंभराव्या भागाला, ८५ रुपये! यात सोयाबीनच्या बियाण्याचा आणि खताचाही खर्च निघत नाही, हे मला माहीत आहे. येथे मी फक्त हिशेब मांडत आहे.) आपले सोयाबीन जिरायत धरले असेल, आणि सोयाबीन बहुधा तसेच धरले जाते, तर १७,००० म्हणजे बरोबर २ हेक्टरचे पैसे. दिरांच्या स्वतःच्या निम्म्या वाट्याचे, म्हणजे १ हेक्टर ८० आरचे, १५,३०० रुपयेच झाले असते. याचा अर्थ बहुधा असा की तलाठ्यांनी संपूर्ण सामायिक खाते दिरांच्या नावापुढे लिहिले आणि प्रणालीने ते २ हेक्टरवर तोडले. तरीही मी "बहुधा" म्हणतो, कारण हाच आकडा १ हेक्टर बागायतीचाही होतो आणि आपल्या गटात विहीर आहे. खरे काय ते यादीतील "बाधित क्षेत्र" हा रकाना पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि तो पाहण्याआधी दिरांशी पैशांवरून बोलणे टाळावे असे मी सुचवीन.

"नंतर आणखी काही रक्कम" कसली, तेही सांगतो. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात मदतीची मर्यादा ३ हेक्टरपर्यंत वाढवली गेली आणि रब्बीचे बियाणे व इतर निविष्ठांसाठी हेक्टरी १०,००० रुपये, तेही ३ हेक्टरपर्यंत, वेगळे देण्याचे ठरले. ही देयके एकाच दिवशी आली नाहीत. आधी २ हेक्टरची रक्कम, नंतर वाढीव क्षेत्राची, मग रब्बीची, अशी ती वेगवेगळ्या हप्त्यांत येत गेली आणि त्यामुळे खातेदारांचा पुष्कळ गोंधळ उडाला.

आता एक हिशेब कागदावर मांडून दिरांसमोर ठेवता येईल असा आहे. मर्यादा ही शेतकऱ्यामागे आहे. संपूर्ण ३ हेक्टर ६० आर एकाच नावावर धरले तर वरचे ६० आर मर्यादेबाहेर पडतात आणि त्यांचा एक पैसाही कोणाला मिळत नाही. एका नावावर पिकाचे २५,५०० आणि रब्बीचे ३०,००० असे जास्तीत जास्त ५५,५०० रुपये होतात. तेच क्षेत्र दोघांच्या नावे निम्मे निम्मे धरले, आणि ते सर्व बाधित म्हणून नोंदले गेले असेल, तर प्रत्येकी १५,३०० आणि १८,००० म्हणजे ३३,३०० रुपये आणि दोघांचे मिळून ६६,६०० रुपये होतात. एकाच नावावर ठेवल्याने घराचे ११,१०० रुपये बुडतात. दीर म्हणतात की पैसे घरालाच लावीन. त्यांचा शब्द खरा धरला तर घराच्या हिताचा मार्ग हाच आहे की त्यांनी आपल्यासोबत तहसीलदारांकडे दुरुस्तीच्या अर्जावर सही करावी. हा अर्ज दिरांविरुद्धचा नसून यादीतील नोंद दुरुस्त करण्यासाठीचा आहे. सासूबाईंना पुढे करून हे बोलणे झाले तर अधिक बरे, कारण वडीलधाऱ्या आईसमोर मुलगा आकड्यांवर बोलेल, भावजयीसमोर मात्र मानावर जाईल.

दिरांवर पोलिसांत तक्रार करण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. त्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे, पैसे सरकारने स्वतः त्यांच्या खात्यात टाकले आहेत, त्यांनी खोटा कागद दिलेला नाही. अशा स्थितीत फसवणुकीची तक्रार टिकणे कठीण आहे. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अनुदानाचा जो घोटाळा उघडकीस आला, ज्यात बोगस नावे घुसवली गेली आणि तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, तो प्रकार वेगळा होता. आपल्या प्रकरणात अपहारापेक्षा आळस अधिक दिसतो: सामायिक खात्यात दोन नावे, त्यांपैकी एक मयत, म्हणून जिवंत नावापुढे सगळे क्षेत्र लिहून मोकळे होणे. मला हे क्षम्य वाटत नाही, कारण पंचनाम्याच्या वेळी शेत कोण कसते हे तलाठ्यांना दिसत होते आणि आपण तेथे हजर होतात. पण रोख ठेवायचा तो नोंदीवर, माणसांवर नव्हे.

प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो. गावाची लाभार्थी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली होती का ते विचारा. नसेल तर तहसील कार्यालयात नैसर्गिक आपत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाकडे ती मागा. आपल्या गट क्रमांकापुढे कोणाचे नाव, किती क्षेत्र, पिकाचा कोणता प्रकार आणि कोणता विशिष्ट क्रमांक आहे, एवढी एकच ओळ आपल्याला हवी आहे. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा; त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा आणि ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. "माझ्या मदतीचे काय झाले" असे मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर येते. गट क्रमांक लिहून पंचनाम्याची प्रत आणि त्या गटाची यादीतील नोंद मागा.

यादीत यजमानांचे नाव निघाले तर काम सोपे आहे. मयत खातेदाराच्या जागी वारसाला रक्कम देण्यासाठी मृत्यू दाखला, वारसांची माहिती आणि इतर वारसांचे संमतीपत्र घेऊन तहसील कार्यालय नाव व आधार क्रमांक बदलून घेते. सर्व क्षेत्र दिरांच्या नावावर निघाले तर दोघांच्या सहीचा अर्ज द्यावा आणि त्यात निम्मे क्षेत्र आपल्या कसणुकीचे असल्याचे दिरांचे संमतीपत्र जोडावे. दीर सही देणारच नाहीत असे झाले तर एकट्याच्या सहीने अर्ज करावा. त्यात पंचनाम्याचा दिवस, उपस्थित पंच आणि आपण कसत असलेल्या भागाच्या चतुःसीमा लिहाव्यात आणि राहिलेला कोणताही हप्ता या गटापुरता चौकशी होईपर्यंत थांबवावा अशी स्पष्ट विनंती करावी. आधी गेलेले पैसे परत मिळवण्यापेक्षा पुढचे थांबवणे सोपे असते. अर्ज टपाल शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. महिनाभरात हालचाल झाली नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लोकशाही दिनात, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, हाच अर्ज नेता येतो. मात्र त्यासाठी आधी नमुन्यातील अर्ज द्यावा लागतो, त्या दिवशी नुसते जाऊन उभे राहून चालत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे तिला मी अर्जापेक्षाही अधिक महत्त्व देतो, ती म्हणजे वारस नोंद. यजमान जाऊन दोन वर्षे झाली आणि नोंद झालेली नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावी लागते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, म्हणून घाबरू नका. राज्यात १ एप्रिल २०२५ पासून "जिवंत सातबारा" मोहीम याच कामासाठी राबवली गेली, तेव्हा आपल्या गावात काय झाले कोणास ठाऊक, ते असो. मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, आधार आणि रेशनकार्ड घेऊन तलाठ्यांकडे, किंवा ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर, अर्ज द्यावा. आधी वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६क मध्ये नोंद होते, मग फेरफार (हक्कबदलाची नोंद) पडतो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. यजमानांचे वारस म्हणून आपण, मुले आणि सासूबाई अशी सर्वांची नावे लागतील, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मयत मुलाची आई हीदेखील पहिल्या वर्गातील वारस आहे. मुलीला १८ वर्षे पूर्ण झाली नसतील तर तिच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आपले नाव येईल. सासऱ्यांच्या वेळच्या फेरफारात सासूबाई आणि नणंदा यांची नावे का लागली नाहीत, हा प्रश्न मी येथे मुद्दाम उकरत नाही. परंतु नोटीस निघाली की तो कोणीतरी उकरेल, याची मनाची तयारी ठेवा आणि नणंदांशी आधीच बोलून घ्या.

नाव लागले की पहिले काम शेतकरी ओळख क्रमांक काढण्याचे. जुलै २०२५ पासून आपत्तीच्या मदतीसाठी तो मागितला जाऊ लागला आहे आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला तो मिळत नाही. म्हणजे या वेळची रक्कम दिरांच्या भलेपणाने मिळाली तरी पुढच्या पुरात, गारपिटीत किंवा सततच्या पावसात आपण पुन्हा याच जागी उभ्या असाल. सातबाऱ्यावर नाव असले की ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरून होणारी नोंदही आपल्या नावाने होईल आणि आपल्या भागातील पीक गाव नमुना १२ वर, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या भागात, आपल्याकडे दिसेल. तोंडी वाटणीचे काय करायचे हा त्यानंतरचा भाग आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्व सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये माफ झाली आहे, म्हणजे खर्चाची सबब आता फारशी उरलेली नाही. दीर पुण्यात असले तरी त्यांनाही आपला हिस्सा वेगळा झालेला हवाच असेल, निदान बँकेच्या कर्जासाठी तरी.

खात्याबद्दल एक खुलासा. आधार बँक खात्याला जोडलेले असणे आणि सरकारी पैसे येण्यासाठी ते खाते निवडलेले असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एका आधारवर अशा पैशांसाठी एकच बँक चालते आणि शेवटी जी जोडली असेल ती धरली जाते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी गावोगावच्या महिलांनी घाईघाईने पोस्टाच्या बँकेत खाती उघडली आणि अनेकींना ते आता आठवतही नाही. आपल्याला त्या योजनेचे पैसे येत असतील तर ते ज्या खात्यात येतात त्याच खात्यात मदतीचे पैसे उतरतील, जिल्हा बँकेच्या पासबुकात ते शोधत बसू नका. आणि रक्कम आल्यावर बँकेने यजमानांच्या जुन्या पीककर्जापोटी ती होल्ड केली, तर मदतीच्या रकमेतून वसुली करू नये असे शासन निर्णयात स्पष्ट म्हटलेले असते, हे शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवा. सेतू केंद्रात कोणी "काम करून देतो, एवढे टक्के द्या" म्हणाले तर उठून दुसऱ्या केंद्रात जा.

खरडलेली जमीन आणि विहीर यांचा आपण एका ओळीत उल्लेख केला आहे, पण रकमेच्या दृष्टीने तीच बाब सर्वांत मोठी आहे. पिकाच्या यादीत त्या येत नाहीत. जमीन खरडून गेली असेल तर अल्प आणि अत्यल्प भूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये देय आहेत आणि पॅकेजमध्ये याखेरीज रोजगार हमीतून जमीन पुन्हा कसण्याजोगी करण्यासाठी हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतच्या कामाची तरतूद जाहीर झाली. नुसता गाळ साचला असेल तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपयांचा वेगळा दर आहे. गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये जाहीर झाले होते. यासाठी स्वतंत्र पंचनामा लागतो. आपल्या पंचनाम्यात फक्त सोयाबीन लिहिले गेले की जमीन आणि विहीरही, हे त्याची प्रत पाहिल्यावरच कळेल आणि प्रत मागण्याचा माझा आग्रह मुख्यतः यासाठीच आहे. लिहिले नसेल तर पुराच्या दिवसांतील मोबाइलवरचे फोटो, नदीकाठचा तुटलेला बांध आणि आजही शेतात दिसणारे दगडगोटे दाखवून फेरपंचनाम्याची मागणी करा. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का तेही त्याच वेळी पाहून घ्या.

पीक विम्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. हप्ता भरला असेल तर ती रक्कम या मदतीपेक्षा पूर्णपणे वेगळी असून खरीप २०२५ पासून ती महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवरून ठरते, त्यासाठी तहसीलमध्ये विचारून उपयोग नाही, तालुका कृषी कार्यालयात विचारावे लागेल. आणि मुलीच्या महाविद्यालयात एकदा चौकशी करा: बाधित तालुक्यांसाठी जाहीर झालेल्या सवलतींमध्ये शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला एक वर्ष स्थगिती होती, तशी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफीही होती. आपण बोर्डाची फी भरून बसला असाल तर ती परत मिळण्यासाठी महाविद्यालयाकडून विद्यार्थिनीचा तपशील बोर्डाकडे गेला आहे का, एवढे लिपिकाला विचारून घ्या.